मागचं दार

रात्रीचे अकरा. वालपारायसोच्या टेकडीवरची कुत्री
आता गप्प आहेत. खाली बंदरात
क्रेनचे पिवळे दिवे, आणि माझ्यासमोर
सदतीस अंशांच्या उबेत ठेवलेली एक बशी.
बशीत धमनीच्या भिंतीतल्या पेशी,
चातीसारख्या, मध्ये फुगीर, टोकांना निमुळत्या,
एकमेकींना खेटून निजलेल्या.

औषध साधंच. रक्तदाबाची गोळी,
उताराखालच्या दवाखान्यात फुकट मिळते.
तिचं काम दरवानाचं:
पेशीच्या आवरणात कॅल्शियमचं एक दार आहे,
ते लावून घ्यायचं.
कॅल्शियम आत शिरलं नाही
की मूठ सुटते, वाहिनी सैलावते,
रक्त धापा न टाकता पुढे जातं.
पुस्तकात इथे परिच्छेद संपतो.

मी मात्रा वाढवली. खूप वाढवली,
माणसाच्या रक्तात कधी पोचणार नाही इतकी.
पुढचं दार घट्ट लागलं.
तरीही पडद्यावरची हिरवी चमक वाढतच गेली,
भिंतीतून ओल वर चढावी तशी.
कुठंतरी पाणी मुरत होतं.
मागे आणखी एक दार होतं,
आतलं कोठार रिकामं झालं तरच उघडणारं.
गोळीनं तेच हलकेच ढकललं होतं.

तीनच्या सुमारास पहिली पेशी गेली.
आवाज नाही, काही नाही.
कडेला बुडबुडे येतात, उकळत्या पेजेसारखे,
केंद्रक आक्रसून राईएवढं होतं,
शेजारणीचा हात सुटतो
आणि ती तरंगू लागते.
वहीत लिहिलं: ३.१०, एक. ३.२५, चार.
सहा वाजता मोजणं सोडलं.

घरी आले, स्वयंपाकघरातून येर्कोला फोन केला,
आई झोपलीय असं समजून.
"मरतात," म्हटलं, "खरंच मरतात, त्याच गोळीनं!"
आनंद लपत नव्हता माझा.
दोन वर्षांनी काहीतरी हाती लागलं होतं.

त्यानंतर नऊ दिवसांनी
बटणांच्या डब्यात गोळ्या दिसल्या,
शिंपल्याच्या बटणांत पांढऱ्याशार,
पटकन ओळखूही येऊ नयेत अशा.
आई म्हणाली, कानात शिट्टी वाजतेय.
पट्टा दंडावर फुगला, मग सुस्कारा टाकत उतरला:
एकशे शहाण्णव.

"तूच म्हणालीस, मरतात."
"मी बशीबद्दल बोलत होते, आई."
"मग तसं म्हणावं. बशीत, म्हणावं."

बाबा याच किनाऱ्यावर मोठाली माकुलं पकडायचे,
प्रयोगशाळेतली माणसं विकत घ्यायची
त्यांच्या सुतळीएवढ्या नसांसाठी.
"आपल्या जाळ्यातून विजेचं शास्त्र निघालं,"
असं सांगत फिरायचे धक्क्यावर.
त्याच धक्क्यावर कोसळले, तोंड एका बाजूला गेलेलं,
खिशात डॉक्टरची चिठ्ठी, चार घड्या घातलेली,
औषधाच्या दुकानापर्यंत न पोचलेली.

रात्रभर मी मात्रा मोजली होती,
थेंबाच्या हजाराव्या भागापर्यंत,
आणि स्वयंपाकघरात तोंड उघडताना
एकदाही नाही.

आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी मला झापलं,
मग आईसमोर ठेवली आजची गोळी,
पावाच्या तुकड्यावर, मेंब्रियोच्या मुरंब्यात रुतवलेली.
तिनं ती बराच वेळ चघळली, माझ्याकडे बघत.

"तुझ्या बशीतल्यांना नावं असतात?"
"नाही. नंबर असतात."
"बिचाऱ्या," म्हणाली,
आणि चष्मा लावून डबा मांडीवर ओतला,
तांदळातले खडे निवडावेत तशा
नखानं गोळ्या वेगळ्या करू लागली.

आठ निघाल्या.
नववी अजून सापडलेली नाही.